विसरलेली आठवण मेंदूत शिल्लक असते का? सुसुमु तोनेगावा यांचं एन्ग्रामवरचं काम

अनाहत

मेंदू आणि स्मृती हा विषय निघाला की तोनेगावांच्या लॅबचा २०१३ चा खोट्या आठवणीचा प्रयोग हमखास सांगितला जातो, उंदराच्या डोक्यात न घडलेली गोष्ट घातली वगैरे. तो प्रयोग भारीच आहे, पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम त्याच्या दोन वर्षं नंतरचं वाटतं आणि त्याबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. म्हणून हा धागा. लांब होणार आहे, कारण मागचं सांगितल्याशिवाय त्या प्रयोगाचं मोल कळणार नाही.

आधी माणसाबद्दल. तोनेगावा १९३९ सालचे, जन्म नागोयाचा. क्योतोला केमिस्ट्री शिकले, मग अमेरिकेत सॅन दिएगोला पीएचडी, मग स्वित्झर्लंडमधे बाझलच्या इम्युनॉलॉजी संस्थेत दहा वर्षं. शरीरात जनुकं मोजकीच असताना अँटिबॉडी इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या बनतात कशा, हे कोडं त्यांनी तिथे सोडवलं (जनुकांचे तुकडे पेशीमधे वेगवेगळ्या प्रकारे जोडले जातात) आणि १९८७ चं मेडिसिनचं नोबेल एकट्याने मिळवलं. त्यानंतर हा माणूस विषयच बदलतो! पन्नाशीला आलेला, एमआयटीत प्रोफेसर, आख्खं क्षेत्र ज्याला गुरू मानतं असा माणूस ते सोडून मेंदूकडे वळतो. १९९२ मधे त्यांच्या लॅबमधल्या अल्सिनो सिल्व्हाने एका एन्झाइमचं जनुक काढून टाकलेले उंदीर बनवले आणि दाखवलं की या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधले (मेंदूच्या आतला एक भाग) सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधले सांधे, नीट बळकट होत नाहीत आणि त्यांना जागा लक्षात ठेवायलाही जड जातं. जीनपासून सिनॅप्स आणि सिनॅप्सपासून वागणूक असा सरळ धागा जोडायची ही पद्धत तोनेगावांनी मेंदूत आणली, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता मूळ प्रश्न. एखादी आठवण मेंदूत नक्की कुठे बसलेली असते? जर्मनीतल्या रिचर्ड सेमॉनने १९०४ मधे म्हणून ठेवलं होतं की अनुभवाने मेंदूत एक कायमचा बदल होतो आणि त्या अनुभवाचा एखादा तुकडा जरी परत समोर आला तरी तो बदल जागा होतो. त्या बदलाला त्याने एन्ग्राम हे नाव दिलं. कार्ल लॅशलीने मग कित्येक वर्षं उंदरांच्या मेंदूच्या सालीचे वेगवेगळे तुकडे कापून त्यांना भूलभुलैयात सोडलं, एन्ग्राम शोधायला. सापडला नाही. कुठलाही एक तुकडा कापला तरी आठवण पूर्ण जात नव्हती, जितकं जास्त कापाल तितकं जास्त नुकसान, एवढंच दिसलं. १९५० मधे त्याने हे सगळं मांडलं. पण १९५३ मधे हेन्री मोलेसन नावाच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग फिट्स थांबवायला म्हणून काढून टाकला गेला आणि त्याला नवीन घटना लक्षात राहणंच बंद झालं, लहानपणीच्या बऱ्याच गोष्टी मात्र आठवत होत्या. ब्रेंडा मिल्नरने त्याचा जो अभ्यास केला त्यातून हिप्पोकॅम्पस केंद्रस्थानी आला तो आजतागायत.

पण कापून बघणं आणि इजा झालेल्या माणसाला बघणं यातून एवढंच कळतं की हा भाग नसला तर काय बिघडतं. ही आठवण या पेशींमधे आहे असं म्हणायचं तर नेमक्या त्याच पेशी शोधून, बाहेरून चालू करून, आठवण येते का ते बघायला हवं. १९९० मधे हे कुणाच्याच हातात नव्हतं.

हातात आलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे चॅनलरोडोप्सिन, एका हिरव्या शेवाळातलं प्रथिन, ज्यावर निळा प्रकाश पडला की पेशीत विद्युतभार शिरतो. २००५ मधे बॉइडन आणि डाइसरॉथ यांनी ते न्यूरॉनमधे (मेंदूतल्या पेशीत) घालून दाखवलं की प्रकाश मारला की न्यूरॉन पेटतो, म्हणजे संदेश सोडतो. दुसरी गोष्ट सी-फॉस नावाचं जीन, जे न्यूरॉन जोरात काम करायला लागला की थोड्या वेळापुरतं चालू होतं. मार्क मेफर्डच्या लॅबने २००७ मधे त्याचा वापर करून, ठराविक वेळात जे न्यूरॉन कामाला लागले त्यांच्यावर कायमची खूण ठेवता येते असं दाखवलं. ती वेळ कोण ठरवतं? डॉक्सिसायक्लिन, नेहमीचं अँटिबायोटिक. उंदराच्या खाण्यात ते असेपर्यंत खूण होत नाही, काढलं की खुणेची खिडकी उघडते, परत दिलं की बंद.

तोनेगावांच्या लॅबमधे शू लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ या दोघांनी हे सगळं एकत्र केलं. उंदराचं डॉक्सी बंद केलं, त्याला एका पेटीत ठेवून पायाला हलका शॉक दिला. त्या वेळी हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागातल्या ज्या थोड्याशा पेशी जाग्या होत्या तेवढ्यांमधेच चॅनलरोडोप्सिन तयार झालं. मग डॉक्सी परत चालू. दुसऱ्या दिवशी उंदीर वेगळ्याच पेटीत, जिथे त्याला काहीही झालेलं नाही, तिथे तो आरामात फिरतोय. डोक्यातल्या बारीक फायबरमधून निळा प्रकाश सोडला आणि तो जागच्या जागी थिजला, शॉकची पेटी आठवल्यावर थिजतो तसा. प्रकाश बंद की पुन्हा फिरायला लागला. हे २०१२ मधे नेचर या नियतकालिकात आलं. मला ते पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता, सेमॉनने कागदावर लिहून ठेवलेली गोष्ट शंभरेक वर्षांनी कुणीतरी दिव्याने चालू-बंद करून दाखवली.

२०१३ चा प्रयोग याचाच पुढचा भाग. निरुपद्रवी पेटी 'अ' च्या पेशींवर खूण केली, मग पेटी 'ब' मधे शॉक देताना 'अ' च्या पेशी प्रकाशाने जाग्या केल्या. नंतर 'अ' मधे नेलं तर उंदीर तिथे घाबरला, जिथे त्याला कधीच शॉक बसला नव्हता.

आणि आता २०१५, ज्यासाठी एवढं लिहिलं. पाठ्यपुस्तकात आपण शिकतो की आठवण पक्की व्हायला नवीन प्रथिनं लागतात, सिनॅप्स बळकट व्हावे लागतात. शिकल्यावर लगेच अॅनिसोमायसिन नावाचं प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं तर दुसऱ्या दिवशी उंदराला काही आठवत नाही, हे पूर्वीपासून माहीत आहे, आणि त्याचा अर्थ सगळे एकच लावत होते की आठवण साठलीच नाही. टोमास रायन, धीरज रॉय आणि मिशेल पिन्यातेली यांनी अशाच विसरलेल्या उंदरांच्या खूण केलेल्या पेशींवर प्रकाश टाकला. शॉकच्या पेटीत नेऊनही ज्याला काही आठवत नव्हतं तो उंदीर प्रकाश पडताच थिजला. आठवण तिथेच होती!!

त्यांनी पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की या विसरलेल्या उंदरांच्या एन्ग्राम पेशींचे सिनॅप्स खरंच बळकट झालेले नव्हते, नॉर्मल उंदरांच्या पेशींवर जी काटेरी टोकं वाढतात तीही यांच्यात वाढली नव्हती. पण कुठली एन्ग्राम पेशी कुठल्या एन्ग्राम पेशीशी जोडलेली आहे, हिप्पोकॅम्पसमधून पुढे अमिग्डालाकडे (भीतीसारख्या भावनांशी जोडलेला मेंदूचा भाग) कोण जातंय, ही जोडणी शाबूत होती. म्हणजे आठवणीतला मजकूर जोडणीच्या नकाशात आणि सिनॅप्सची ताकद लागते ती त्या नकाशापर्यंत नेहमीच्या वाटेने पोचायला, असा अर्थ तोनेगावा लावतात. मला हा अर्थ पटतो. आणि तो खरा असेल तर विस्मरण या गोष्टीकडे बघायची आपली आख्खी पद्धत बदलते.

इथे मेंदूविज्ञानातले, मेडिकलचे लोक आहेत, सगळ्यांची मतं हवी आहेत.

केतकीचं_बन

फार सुंदर लिहिलंय. मी कॉलेजात बायो शिकवते आणि स्मृतीचा धडा आला की ब्लिस आणि लोमोचं १९७३ चं सशांवरचं काम, मग कँडेलची समुद्री गोगलगाय, सिनॅप्स बळकट म्हणजे आठवण पक्की, इथे येऊन थांबते. ताकद वेगळी आणि जोडणी वेगळी असं कधी सांगितलेलंच नाही. पण मला एक कळत नाहीये, जर सिनॅप्स बळकट झालेच नाहीत तर जोडणी तयार कशी झाली? औषधाने प्रथिनंच बंद केली होती ना?

खारूताई

केतकीताई, मी याच विषयात पीएचडी करतेय (लॅबचं नाव नको). शिकण्याच्या क्षणी कुठल्या पेशी एकत्र पेटल्या हे औषधाच्या आधी ठरलेलं असतं, औषध शिकून झाल्यावर देतात. पेशी एकत्र पेटल्या की त्यांच्यातल्या जोडण्यांमधे जे लगेचचे बदल होतात त्याला नवीन प्रथिनं लागत नाहीत, आधीपासून असलेली प्रथिनंच जागा बदलतात वगैरे. प्रथिनं लागतात ते नंतर, ताकद टिकवायला. त्यामुळे औषधाने नंतरचा टप्पा मारला, पहिला नाही. रायनच्या पेपरमधे डेंटेट जायरसच्या एन्ग्राम पेशींकडून हिप्पोकॅम्पसच्याच पुढच्या सीए३ या भागातल्या एन्ग्राम पेशींकडे जाणारी जोडणी बाकीच्या पेशींपेक्षा जास्त होती आणि विसरलेल्या उंदरांमधेही ती तशीच जास्त राहिली, तो त्यातला सगळ्यात महत्त्वाचा डेटा आहे असं मला वाटतं.

आणि अनाहत, तुम्ही २०१७ चं राहिलेलं सांगा ना, रॉयचं. तिथे ही गोष्ट पूर्ण होते. त्यांनी अशा गप्प एन्ग्राम पेशींमधे पॅक१ नावाचं प्रथिन वाढवलं, ज्याने ती काटेरी टोकं परत वाढतात, आणि मग प्रकाश न टाकताही, नुसत्या पेटीत नेल्यावर उंदराला आठवलं. म्हणजे वाट बुजलेली होती ती मोकळी केली.

प्रश्नचिन्ह

लेख चांगला आहे पण मला या सगळ्या प्रकारात एक मूलभूत अडचण दिसते. उंदीर थिजला म्हणजे त्याला आठवलं, हे कोण सांगतंय? भीतीचं सर्किट पेटवलं तर उंदीर थिजणारच, त्यात स्मृती कुठून आली? माझ्या पायाच्या स्नायूला करंट दिला तर पाय हलेल, त्याला कुणी चालण्याची आठवण म्हणणार नाही. मला वाटतं या लॅबच्या पेपरांच्या शीर्षकात आठवण, खोटी आठवण हे शब्द जरा सैलपणे वापरलेत.

खारूताई

प्रश्न रास्त आहे आणि रिव्ह्यूअर्सनी पण नेमका हाच विचारला असेल. म्हणूनच कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले उंदीर, महत्त्वाचे. २०१२ मधे असे उंदीर होते ज्यांच्या पेशींवर खूण साध्या, शॉक नसलेल्या पेटीत केली आणि मग त्यांना वेगळ्या पेटीत शॉक दिला. यांच्याही डेंटेट जायरसमधे तेवढ्याच पेशी प्रकाशाने पेटत होत्या, उंदीर भीती शिकलेले पण होते, तरी ते थिजले नाहीत. म्हणजे नुसता हिप्पोकॅम्पस पेटवून भीती येत नाही, त्या ठराविक घटनेच्याच पेशी लागतात.

दुसरं म्हणजे २०१३ मधे थिजण्याशिवाय अजून एक चाचणी होती, दोन कप्पे जोडलेली जागा, त्यात उंदीर 'अ' सारख्या कप्प्यात जायचं टाळत होता. जागा टाळणं म्हणजे स्नायूचा झटका नव्हे.

तिसरं, २०१४ चा रेडोन्डोचा पेपर बघा. शॉकच्या आठवणीच्या पेशींवर खूण केली, मग त्याच पेशी प्रकाशाने जाग्या असताना नर उंदराला माद्यांच्या सहवासात ठेवलं. नंतर त्याच पेशी पेटवल्या तर जिथे प्रकाश मिळतो तो भाग टाळणारा उंदीर आता तिकडेच जायला लागला. पेशी त्याच आणि अर्थ उलटा. पण अमिग्डालामधल्या खूण केलेल्या पेशींवर हे करून बघितलं तर उलटत नाही, तिथे भीती ती भीतीच. म्हणजे हिप्पोकॅम्पसमधे 'कुठे, काय' आणि अमिग्डालामधे 'चांगलं की वाईट', आणि या दोघांमधली जोडणी बदलता येते. तुमच्या स्नायूच्या उदाहरणाने हे सगळं समजावता येत नाही असं मला वाटतं.

प्रश्नचिन्ह

जागा टाळण्याचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. पण उंदराला आत काय वाटतं हा प्रश्न उरतोच. आपल्याला आठवतं म्हणजे आपण त्या क्षणी परत असतो, तेव्हाचा उजेड, माणसं, आवाज. उंदराच्या पाय थिजण्यावरून तिथपर्यंत उडी मारणं मला जड जातं. शिवाय प्रकाशाने शेकडो पेशी एका तालात पेटतात, खऱ्या मेंदूत तसं कधीच होत नाही.

अजून एक. लॅशलीला तुम्ही एका परिच्छेदात उरकलंत पण त्याचं म्हणणं इतकं चुकीचं होतं का? आठवण सगळीकडे पसरलेली असते हे तर आता पण म्हणतात.

अनाहत

लॅशलीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि गंमत म्हणजे ते तोनेगावांच्याच लॅबने दाखवलं. २०२२ मधे रॉयने उंदराचा आख्खा मेंदू पारदर्शक करून, अडीचशेच्या आसपास भागांमधे एकाच आठवणीच्या एन्ग्राम पेशी कुठे कुठे सापडतात ते मोजलं आणि त्या कितीतरी भागांमधे सापडल्या, ज्यातले काही पूर्वी स्मृतीशी जोडलेच जात नव्हते. एकापेक्षा जास्त भागांतल्या पेशी एकदम पेटवल्या की आठवण जास्त जोरात येते हेही दिसलं. म्हणजे लॅशलीला पसरलेपण दिसलं ते खरं होतं, मात्र ते सगळीकडे सारखं पातळ पसरलेलं नाही, ठराविक भागांतल्या ठराविक पेशींमधे, एकमेकींशी जोडलेलं आहे. कापून हे दिसणं शक्यच नव्हतं.

एका तालात पेटण्याचा मुद्दाही खरा आहे. माझ्या मते त्यामुळेच प्रकाशाने येणारं थिजणं बऱ्याच प्रयोगांत नैसर्गिक आठवणीपेक्षा कमी असतं, पेशी बरोबर आहेत पण त्यांचा क्रम आणि लय हरवलेली आहे.

आत काय वाटतं याबद्दल मी उंदराच्या बाजूने काहीच दावा करणार नाही. पण माणसांमधे दुसऱ्या बाजूने पुरावा येतो. फिट्सच्या रुग्णांच्या मेंदूत ऑपरेशनआधी इलेक्ट्रोड बसवलेले असतात तेव्हा इत्झाक फ्रीड आणि क्विरोगा यांना २००५ मधे असे न्यूरॉन सापडले जे एकाच ओळखीच्या व्यक्तीच्या वेगवेगळ्या फोटोंना पेटत होते आणि काही तर नुसतं नाव लिहिलेलं दाखवलं तरी. नंतर २००८ मधे फ्रीडच्याच गटाने दाखवलं की व्हिडिओची क्लिप बघताना जे न्यूरॉन पेटले, तेच न्यूरॉन ती क्लिप रुग्णाला आपणहून आठवताना, तो तोंडाने सांगायच्या एक-दोन सेकंद आधी पेटतात. इथे आत काय वाटतंय हे सांगणारा माणूस स्वतः हजर आहे.

सावली

मी शास्त्रातली नाही, पण धागा दोनदा वाचला. माझ्या आईला अल्झायमर आहे. बरेचदा मला ओळखत नाही, ताई म्हणते, तिच्या मोठ्या बहिणीला म्हणायची तशी. आणि मग एखाद्या संध्याकाळी एकदम माझ्या नावाने हाक मारते आणि मी लहान असतानाचं काहीतरी बारीकसं सांगते, जे मीच विसरलेली असते, आणि पाच मिनिटांनी परत काही नाही. मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले असं होतं, वरखाली असतं. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिल्यांदा वाटलं की आडात पाणी आहे, पोहराच पोचत नाहीये. असं म्हणता येईल का? की मी माझ्या मनाची समजूत काढतेय? खरं काय ते सांगा, मला चालेल.

नाडीपरीक्षा

सावली, मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे, म्हणून मी उत्तर देतो, जरा सविस्तर.

तुमच्या प्रश्नाला धरून थेट एक काम आहे. २०१६ मधे तोनेगावांच्याच लॅबने अल्झायमरची जनुकं घातलेले उंदीर घेतले, आजाराच्या सुरुवातीच्या काळातले, ज्यांच्या मेंदूत गुठळ्या अजून फार साठल्या नव्हत्या पण काल शिकलेलं आज आठवत नव्हतं. त्यांच्या एन्ग्राम पेशींवर प्रकाश टाकल्यावर आठवण आली. म्हणजे सुरुवातीच्या काळात आठवण तयार होत होती, साठत होती, बाहेर येत नव्हती. पुढे त्यांनी त्या पेशींकडे येणाऱ्या तारा प्रकाशाने पुन्हा पुन्हा उत्तेजित करून सिनॅप्स बळकट केले, पेशींवरची कमी झालेली टोकं परत वाढली आणि उंदरांना नंतर प्रकाशाशिवायही आठवायला लागलं. नेमक्या त्याच पेशी मारल्या तर हा फायदा गेला. त्यामुळे तुम्ही जे म्हणालात ते, त्या टप्प्यापुरतं, नुसती समजूत नाहीये.

पण पुढचंही सांगायला हवं. अल्झायमर वाढतो तशा पेशी मरतात. एमआरआयवर हिप्पोकॅम्पस आक्रसलेला आम्हाला डोळ्यांनी दिसतो. ज्या पेशी राहिल्याच नाहीत त्यांच्यातली जोडणीही राहत नाही, तिथे प्रकाश टाकून, औषध देऊन काही परत येणार नाही. एकाच रुग्णात दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, काही वाटा बुजलेल्या, काही मुक्कामच नाहीसे झालेले, आणि बाहेरून बघून कुठलं विस्मरण कुठल्या प्रकारचं ते मला कुणाही रुग्णाबद्दल सांगता येत नाही. जुन्या गोष्टी नव्यापेक्षा जास्त काळ टिकतात हे मात्र तुम्ही स्वतः बघताच आहात. ती ताई म्हणून मारलेली हाकही त्यातलीच.

ती पाच मिनिटं येतात तेव्हा तिला दुरुस्त करू नका, तारीख वार विचारू नका, ती जे सांगतेय त्यातच तिच्याबरोबर रहा.

सावली

खूप आभार. मी ते करत नव्हते, विचारत बसायचे कोण मी सांग म्हणून. आता नाही विचारणार. जुन्या गोष्टी जास्त का टिकतात हे कुणी सोपं करून सांगेल का?

खारूताई

सावलीताई, यावर पण याच लॅबचं काम आहे, ताकाशी कितामुराचं, २०१७ चं सायन्समधलं, आणि माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं. आधी असं मानायचे की आठवण हिप्पोकॅम्पसमधे बनते आणि मग हळूहळू मेंदूच्या सालीकडे सरकते. कितामुराला दिसलं की सालीतल्या पुढच्या भागात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधे, त्या आठवणीच्या पेशी पहिल्याच दिवशी ठरलेल्या असतात, पण त्या गप्प असतात, प्रकाश टाकला तर बोलतात, नुसत्या पेटीत नेलं तर नाही. पुढच्या दोनेक आठवड्यांत त्या हळूहळू पक्क्या होतात आणि त्याच काळात हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी गप्प होत जातात. दोन्हीकडे एकदम लिहिलं जातं आणि मग काम एकीकडून दुसरीकडे जातं. आणि या काळात हिप्पोकॅम्पसच्या पेशींचा पुढे जाणारा निरोप अडवला तर सालीतल्या पेशी पक्क्या होत नाहीत.

अल्झायमरचा घाला आधी हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या दारातल्या एन्टोरायनल भागावर पडतो. आईच्या लहानपणीच्या आठवणी तोवर केव्हाच सालीत पक्क्या झालेल्या असतात, कालच्या गोष्टीला मात्र अजून हिप्पोकॅम्पस लागतो. उंदरातले दोन आठवडे माणसात किती लांब हे वेगळं, पण मोलेसनला लहानपण आठवत होतं ते याच्याशी जुळतं.

पहाटवारा

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. पण मला या विषयाची भीतीही वाटते आणि ती इथे कुणीच मांडली नाही. नको असलेली आठवण पुसणं शक्य आहे असं मी वाचलंय. उद्या साक्षीदाराच्या डोक्यातून काढून टाकलं तर? किंवा काहीतरी घातलं तर? २०१३ चा प्रयोग मला भारी वाटत नाही, घाबरवणारा वाटतो.

अनाहत

पुसणं शक्य आहे, उंदरात. शीना जॉसलिनच्या टोरांटोच्या लॅबने २००९ मधे अमिग्डालातल्या एका भीतीच्या आठवणीत सामील झालेल्या पेशी तेवढ्याच मारून दाखवल्या आणि ती भीती गेली, बाकीची शिकण्याची क्षमता राहिली. त्याआधी २००७ मधे त्यांनी दाखवलं होतं की कुठली पेशी आठवणीत सामील होणार हे त्या क्षणी तिच्यात क्रेब नावाचं प्रथिन किती आहे, ती किती सहज पेटते, यावर ठरतं. पेशींमधे चक्क चुरस असते.

पण हे माणसात करायला आधी मेंदूत विषाणूतून जीन घालायला लागतं, मग ती घटना घडायच्या वेळी खुणेची खिडकी उघडी असायला लागते, मग कवटीतून फायबर. घडून गेलेल्या घटनेवर नंतर खूण करता येत नाही. माणसात ऑप्टोजेनेटिक्स (प्रकाशाने पेशी चालू-बंद करायचं हे तंत्र) वापरलं गेलंय ते डोळ्यात, २०२१ मधे एका आंधळ्या रुग्णाला खास गॉगल लावून समोरच्या वस्तू कुठे आहेत ते कळून त्यांना हात लावण्याइतकं दिसायला लागलं, आणि तिथे मेंदू उघडायचा प्रश्नच नव्हता.

साक्षीदाराची मला जास्त काळजी आहे ती दुसऱ्या कारणाने. खोटी आठवण घालायला लेझर लागतच नाही. एलिझाबेथ लॉफ्टसने १९७४ मधेच दाखवलं की गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून 'गाड्या आदळल्या तेव्हा' विचारलं की 'लागल्या तेव्हा' विचारलं यावर लोक वेगळा वेग सांगतात आणि आदळल्या ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना नंतर फुटलेल्या काचा आठवतात ज्या फिल्ममधे नव्हत्याच. करीम नेडरने २००० मधे उंदरात दाखवलं की जुनी पक्की आठवण जागी केली की ती काही काळ परत कच्ची होते, त्या वेळात अमिग्डालात प्रथिनं थांबवली तर जाते. म्हणजे प्रत्येक वेळी आठवताना आपण तिला हात लावण्याजोगी करतो. पोलिसांच्या चौकशीत, कोर्टात प्रश्न कसा विचारला जातो याला कडक नियम हवेत, हे मी अगदी मनापासून म्हणतोय. २०१३ च्या प्रयोगाने एवढंच दाखवलं की ही गफलत पेशींच्या पातळीवर कशी होते, जागी असलेली जुनी आठवण आणि समोर घडणारी गोष्ट एकमेकींना चिकटतात.

केतकीचं_बन

याच माहितीचा चांगला उपयोगही होईल ना? नैराश्याबद्दल काहीतरी वाचल्यासारखं वाटतंय.

नाडीपरीक्षा

हो, रामिरेझचंच, २०१५ चं. नर उंदरांच्या चांगल्या अनुभवाच्या (मादीच्या सहवासाच्या) पेशींवर खूण केली, मग त्यांना बरेच दिवस ताणात ठेवलं, इतकं की साखरेच्या पाण्याची ओढ गेली आणि शेपटीने टांगल्यावर धडपड करायचं सोडून दिलं. त्या चांगल्या आठवणीच्या पेशी पेटवल्यावर दोन्ही सुधारलं. आणि पाच दिवस रोज पेटवल्यावर तर सुधारणा नंतरही टिकली. विशेष म्हणजे त्याच काळात खरोखरची मादी आणून ठेवली तर तेवढा फायदा झाला नाही. नैराश्यातल्या माणसाला आम्ही बाहेर जा, लोकांत मिसळ सांगतो आणि तो म्हणतो काहीच वाटत नाही, ते मला या प्रयोगानंतर वेगळ्या कानांनी ऐकू येतं. नवीन सुख आत शिरण्याची वाटच बंद असते, जुनं साठवलेलं मात्र आत असतं. उपचार म्हणून हे अजून उंदरापुरतंच आहे.

जाता जाता, शू लिऊ २०१५ मधे फार तरुण वयात गेला. रामिरेझबरोबर त्याने जे केलं त्यावर आज आख्खी शाखा उभी आहे. या धाग्यात त्याची नोंद रहावी.

पहाटवारा

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं वाचून.

एक शेवटचं विचारते. आपल्याला दोन-तीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. ते पण आत गप्प पडून असतं का? की ते साठतच नाही?

खारूताई

उंदरात तरी साठतं! पॉल फ्रँकलंडच्या टोरांटोच्या लॅबने २०१८ मधे १७ दिवसांच्या पिल्लांना शॉकची पेटी शिकवली आणि पेशींवर खूण केली. इतकी लहान पिल्लं ते लवकरच विसरतात, माणसाच्या बाळासारखीच. ती मोठी झाल्यावर, अगदी तीन महिन्यांनी सुद्धा, डेंटेट जायरसमधल्या त्या पेशींवर प्रकाश टाकला तर थिजली. त्यांचं आधीचं काम, २०१४ चं, सांगतं की बाळपणी हिप्पोकॅम्पसमधे नवीन न्यूरॉन भराभर तयार होत असतात आणि ते जुन्या जोडण्यांमधे घुसतात म्हणून जुनं सापडेनासं होतं. ही वाढ औषधाने कमी केली की पिल्लं कमी विसरतात, मोठ्या उंदरात वाढवली की ते जास्त विसरतात.

आणि २०१५ वाला टोमास रायन, जो आता डब्लिनला आहे, त्याच्या गटाने २०२३ मधे दाखवलं की गरोदरपणी आईची इम्यून सिस्टिम ठराविक प्रकारे चेतवली गेली तर तिची नर पिल्लं हे बाळपणीचं विसरतच नाहीत. म्हणजे बाळपणीचं विस्मरण हे मेंदूच्या वाढीच्या कार्यक्रमाचा भाग आहे आणि तो बंद पडू शकतो. तोनेगावांनी अँटिबॉडी सोडून मेंदू घेतला होता, त्यांच्या लॅबमधून पुढे गेलेल्या रायनला स्मृतीच्या मागे जाताना परत इम्यून सिस्टिमच भेटली. त्या पेपरबद्दल वेगळा धागा काढते या आठवड्यात, नराच्या आणि मादीच्या पिल्लांत फरक का पडला हा भागच खूप मोठा आहे.